वाचक विचारतात : चाळीस-पन्नास टन तांदळासाठी डिस्ट्रॉयर पळवणारा तनाका

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आरमाराचा प्रमुख यामामोतो याच्यावर उत्तर दिलं होतं, पर्ल हार्बर, मिडवे, 1943 च्या एप्रिलमध्ये त्याचं विमान पाडलं ते सगळं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की जपानी नौदलातला सगळ्यात कामाचा माणूस माझ्या मते यामामोतो नाही, रायझो तनाका होता. बस, तेवढ्यावर पत्रांचा नि मेसेजेसचा ढीग लागला, काहींनी तर चिडून लिहिलं. म्हणून या वेळी फक्त तनाका. नावं टाकत नाही, मोहल्ले टाकतो, तुमचं तुम्हाला कळेलच.

महालातून एक रिटायर्ड मास्तर विचारतात : पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, हे नाव एकदाही कानावर आलं नाही. यामामोतोपेक्षा कामाचा म्हणता ते कशाच्या जोरावर? आधी माणूस कोण ते तरी सांगा.

मास्तर, तुमच्या कानावर आलं नाही यात तुमची चूक नाही, खुद्द जपाननंच त्याला कोपऱ्यात बसवलं होतं. तर रायझो तनाका, जन्म 27 फेब्रुवारी 1892, यामागुची प्रांतातला. एताजिमाच्या नेव्हल अकादमीतून 1913 साली बाहेर पडला, 41 वी बॅच. नंबर काही पहिला-दुसरा नव्हता, आणि तिथला नंबर तिकडे जन्मभर पाठ सोडत नसे. पण गड्यानं टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारं अस्त्र, धरला तो सोडला नाही, त्यातच स्पेशालिस्ट झाला, मग जिंत्सू नावाच्या लाइट क्रूझरचा (डिस्ट्रॉयरपेक्षा मोठं लढाऊ जहाज) कॅप्टन, मग कोंगो या मोठ्या युद्धनौकेचा कॅप्टन, आणि 1941 च्या सप्टेंबरात सेकंड डिस्ट्रॉयर स्क्वॉड्रनचा, म्हणजे छोट्या वेगवान लढाऊ जहाजांच्या तुकडीचा, प्रमुख. ऑक्टोबरात रिअर अ‍ॅडमिरल. म्हणजे पर्ल हार्बरच्या दोन महिने आधी त्याच्या हातात जपानच्या सगळ्यात तिखट डिस्ट्रॉयर होत्या, आणि गंमत म्हणजे त्याचा झेंडा, म्हणजे प्रमुखाचं ठाणं, पुन्हा त्याच जिंत्सूवर लागला.

मग फिलिपिन्स, मेनाडो, अंबॉन, तिमोर असं एकेक करत उतरणाऱ्या सैन्याला संरक्षण द्यायचं काम. जावा समुद्रातली लढाई झाली 27 फेब्रुवारी 1942 ला, म्हणजे बरोबर त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यात डच अ‍ॅडमिरल डोरमन आपल्या जहाजासकट गेला. मिडवेला तनाका होता, पण विमानवाहू जहाजांसोबत नाही, मागून येणाऱ्या सैनिकांच्या ताफ्यासोबत, त्यामुळे तिथला जाळ त्यानं लांबूनच पाहिला. इथपर्यंतचं करिअर चांगलं पण असे दहा जण निघतील. तो खरा कळतो ऑगस्ट 1942 पासून पुढच्या पाच महिन्यांत, ग्वाडलकनालला.

वाडीहून एक ट्रान्सपोर्टवाले भाऊ विचारून राहिले : लढाईच्या डिस्ट्रॉयरमधून धान्य-माणसं काऊन नेली? मालवाहू जहाजं नव्हती का जपानकडे? आमच्या धंद्यात असं केलं तर दिवाळं निघेल.

भाऊ, निघालंच ना दिवाळं! पण कसं निघालं ते ऐका, कारण तुमच्यासारखा माणूसच हा हिशेब बरोबर समजेल.

ग्वाडलकनाल म्हणजे सॉलोमन बेटांमधलं एक जंगली, मलेरियानं भरलेलं बेट. जपान्यांनी तिथं धावपट्टी बांधायला घेतली, जवळजवळ तयार झाली, आणि 7 ऑगस्ट 1942 ला अमेरिकन मरीन उतरले नि आयती पट्टी त्यांच्या हाती लागली. तिचं नाव त्यांनी हेंडरसन फील्ड ठेवलं, 20 ऑगस्टला विमानं आणून ठेवली. आता या बेटावर जपान्यांना माणसं नि माल पोचवायचाय, पण दिवसा समुद्रावर सत्ता कोणाची, तर त्या धावपट्टीची. नऊ-दहा नॉटनं रांगणारं मालवाहू जहाज दिवसाउजेडी त्या विमानांच्या टप्प्यात सापडलं की संपलं.

तनाकाला हे पुस्तकातून नाही कळलं, अंगावर आलं. ऑगस्टच्या 24-25 तारखेला तो असाच एक संथ ताफा घेऊन चालला होता. आधी तर त्याच्या डोक्यावर दोन साहेब, रबाउल या जपानी तळावरचा आठवा फ्लीट म्हणतो थोडा उत्तरेला मागे वळ, आणि अकरावा एअर फ्लीट म्हणतो पुढे जा, माणसं उतरव. ऐकायचं कोणाचं? शेवटी 25 ला सकाळी हेंडरसनची विमानं आली, जिंत्सूवर बॉम्ब पडला, तनाका बेशुद्ध. शुद्धीवर आला तर पुढचा भाग धुरानं भरलेला. झेंडा कागेरो नावाच्या डिस्ट्रॉयरवर हलवला. किन्र्यू मारू हे सैनिकांचं जहाज पेटलं, त्यातली माणसं काढायला मुत्सुकी ही डिस्ट्रॉयर थांबली तर वरून बी-17 ही अमेरिकन बॉम्बफेकी विमानं आली, तीही बुडाली. ताफा परत.

तिथून पुढे पर्याय एकच उरला, रात्री, जोरात. आता हिशेब बघा. शॉर्टलँड बेटांपासून, जिथून या खेपा निघत तिथून, ग्वाडलकनाल साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूरहून हैदराबादच्याही थोडं पुढं. तीस नॉट म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर धरा, दहा तास एका बाजूचे. म्हणून दुपारी असं निघायचं की अंधार पडता पडता विमानांच्या टप्प्यात शिरलो पाहिजे, मध्यरात्री किनारा, तास-दोन तासात सगळं उतरवायचं, आणि उजाडायच्या आत पुन्हा टप्प्याबाहेर. एक तास उशीर झाला, एक बोट अडकली, की सकाळी विमानं डोक्यावर. असं एकदा नाही, आठवड्यामागून आठवडे. अमेरिकनांनी याला टोकियो एक्सप्रेस नाव दिलं. जपानी आपले याला उंदरांची वाहतूक म्हणत, आणि ते काही कौतुकानं नाही.

पण तुमचा मुद्दा तिथंच आहे. डिस्ट्रॉयर म्हणजे इंजिन, तोफा आणि टॉर्पेडो, माल ठेवायला जागाच नाही. एका खेपेला दीडशेच्या आसपास माणसं नि वर चाळीसेक टन सामान, बस. क्रेन नाही, त्यामुळे जड तोफा नेता येत नाहीत, जे काही ते माणसांनी हातानं उचलायचं. आणि खर्च? तेल पाण्यासारखं, कारण वेगात पळवलं की डिस्ट्रॉयर तेल पिते बाप्पा, आणि जपान लढाईत उतरलाच मुळी तेलासाठी.

नोव्हेंबरात वरच्यांनी पुन्हा हट्ट केला, मोठीच खेप पाठवू, अकरा मालवाहू जहाजं, सात हजार माणसं, संरक्षणाला तनाका. 14 नोव्हेंबरला दिवसभर हेंडरसनची विमानं येत राहिली, बॉम्ब टाकायची, परत जाऊन भरून यायची, पुन्हा टाकायची. सहा जहाजं बुडाली, सातवं लंगडत परत गेलं. तनाकाच्या डिस्ट्रॉयर पाण्यातली माणसं उचलत होत्या, डेकवर पाय ठेवायला जागा नाही. कोणीही परत फिरला असता तर दोष देता आला नसता. तो उरलेली चार जहाजं घेऊन पुढेच गेला. आणि रात्री कळलं की उजाडायच्या आत माल उतरवून होणार नाही, तर त्यानं विचारलं, जहाजं सरळ किनाऱ्यावर चढवू का? आठव्या फ्लीटच्या मिकावानं नाही म्हटलं, त्याच्याही वरच्या कोंदोनं हो म्हटलं. चढवली. सकाळी विमानांनी नि किनाऱ्यावरच्या तोफांनी चारही जाळली. उतरलं काय, तर दोन हजार माणसं, तोफगोळ्यांच्या 260 पेट्या आणि तांदळाची 1,500 पोती. अकरा जहाजांच्या बदल्यात!

इतवारीतून एक किराणा व्यापारी : ड्रममध्ये तांदूळ भरून समुद्रात फेकत होते हे खरं का? भिजत नव्हता का?

खरं आहे. आणि मला या सगळ्या युद्धात हेच सगळ्यात केविलवाणं वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटी बेटावरचे जपानी सैनिक उपाशी मरत होते, अक्षरशः. डिस्ट्रॉयर थांबवून होड्या सोडून पोती उतरवायला जो वेळ लागे तो आता मिळत नव्हता, त्यामुळे युक्ती काढली. तेलाचे रिकामे लोखंडी ड्रम घ्यायचे, आतून नीट धुवायचे, तांदूळ-औषधं भरायची, पण काठोकाठ नाही. आत हवा राहिली पाहिजे म्हणजे ड्रम तरंगतो, आणि तोंड घट्ट बंद, म्हणून भिजायचा प्रश्न नाही काका, तेवढं त्यांना समजत होतं. मग असे ड्रम लांब दोरानं एकमेकांना बांधायचे, माळच, आणि डिस्ट्रॉयरच्या डेकवर दोन्ही कडेला रचायचे. एकेका डिस्ट्रॉयरवर दोनशे ते दोनशे चाळीस. वजन फार होतं म्हणून जादा टॉर्पेडो शॉर्टलँडलाच काढून ठेवले, नळ्यांमध्ये होते तेवढे आठच सोबत. किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटरवर आलं की वेग कमी करायचा, माळ पाण्यात ढकलायची, दोराचं टोक छोट्या होडीनं किंवा पोहणाऱ्यानं किनाऱ्यावर द्यायचं, आणि तिथल्या सैनिकांनी ओढून घ्यायचं. थांबायची गरज नाही, आला तसा पळ.

कागदावर झकास. 3 डिसेंबरच्या रात्री 1,500 ड्रम टाकले, किनाऱ्याला लागले 310. बाकीचे? दोर प्रवाळात अडकून तुटले, आणि मुख्य म्हणजे ओढायला माणसांच्या अंगात ताकदच नव्हती, आठवड्यांचे उपाशी, मलेरियाचे, ते काय भिजलेला दोर ओढणार. सकाळी अमेरिकन विमानं येऊन तरंगणाऱ्या ड्रमवर मशीनगन चालवायची, भोकं पाडायची, संपला विषय. 11 डिसेंबरला 1,200 टाकले, 220 मिळाले. ज्या अन्नासाठी ओढायचं ते ओढायलाच आधी अन्न पाहिजे, असा तो गुंता होता.

एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड : तासाफारोंगाच्या लढाईबद्दल सांगा ना सर. अमेरिकेकडे रडार असून हरले कसे?

तासाफारोंगा हा ग्वाडलकनालचाच किनारा, आणि ही लढाई याच ड्रमच्या पहिल्या खेपेत झाली, 30 नोव्हेंबर 1942 ची रात्र. तनाकाकडे आठ डिस्ट्रॉयर, त्यातल्या सहा ड्रमनी लादलेल्या, तो स्वतः नागानामीवर, ताकानामी थोडी बाजूला पहाऱ्याला. समोरून रिअर अ‍ॅडमिरल कार्ल्टन राइट पाच क्रूझर नि सहा डिस्ट्रॉयर घेऊन आला, त्याला आधीच खबर होती, आणि रडारवर जपानी 23:06 ला दिसलेसुद्धा. सगळे पत्ते त्याच्याच हातात.

पण बघ काय झालं. 23:16 ला पुढच्या फ्लेचर डिस्ट्रॉयरनं विचारलं, टॉर्पेडो सोडू का? राइट विचार करत बसला, अंतर जास्त आहे का वगैरे, परवानगी दिली 23:20 ला. चार मिनिटं. तेवढ्यात टॉर्पेडो मारायचा कोन गेला, सुटलेले सगळे वाया. मग क्रूझरनी तोफा सुरू केल्या, आणि रडारवर सगळ्यात जवळ, सगळ्यात ठळक दिसत होती बिचारी ताकानामी, बहुतेक सगळे गोळे तिच्यावरच. तोफा उडाल्या की झगझगाट होतो, आणि तो झगझगाट जपान्यांनी निशाणा म्हणून वापरला. इकडे तनाकानं एक ओळीचा हुकूम दिला, ड्रम सोडा, सगळ्यांनी हल्ला. काही डिस्ट्रॉयर तेव्हा किनाऱ्याजवळ ड्रम ढकलायच्या तयारीत जवळजवळ थांबल्या होत्या, तशाच वळल्या. तोफा बहुतेकांनी उडवल्याच नाहीत, आपली जागा कळू दिली नाही, फक्त टॉर्पेडो. चव्वेचाळीस.

तो टॉर्पेडो म्हणजे टाइप 93, तू इंजिनीअरिंगचा म्हणून सांगतो. 61 सेंटीमीटर व्यासाचा, पुढे 490 किलो स्फोटकं, आणि हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा. हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो, तो जळायला काही कामाचा नाही, उलट मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो. ऑक्सिजन वापरला की पल्लाही वाढतो नि रेघही जवळजवळ दिसत नाही. पन्नास नॉटच्या आसपास वेगानं वीस किलोमीटर जायचा. अमेरिकनांना असलं काही अस्तित्वात असेल यावर तेव्हा विश्वासच नव्हता.

मिनियापोलिसला दोन लागले, न्यू ऑर्लिन्सचं नाकाडच उडालं, दुसऱ्या तोफ-बुरुजापर्यंतचा पुढचा भाग तुटून वेगळा, पेन्साकोला पेटली, नॉर्दम्प्टन बुडाली. अमेरिकेचे जवळपास चारशे मेले. न्यू ऑर्लिन्स नंतर नारळाच्या झाडांचे ओंडके पुढे ठोकून सिडनीपर्यंत गेली, हे मी रचून सांगत नाही. जपान्यांची एकटी ताकानामी गेली, तिच्यावरची बहुतेक माणसं गेली.

आणि तरी माझं मत विचारशील तर ही लढाई तनाका जिंकला नि खेप हरला. किनाऱ्यावर त्या रात्री एकही ड्रम पोचला नाही. अमेरिकन इतिहासकारांनी त्याला डोक्यावर घेतलं, चिवट तनाका म्हणाले. जपानमध्ये उलट टीका झाली की हा स्वतः पुढे नव्हता, त्याची नागानामी टॉर्पेडो सोडून लगेच वळली. त्यानं स्वतः नंतर लिहिलं की श्रेय माझं नाही, माझ्या माणसांच्या तयारीचं आहे. मला ते पटतं, कारण इतक्या अंधारात, ड्रम लादलेल्या अवस्थेत एका ओळीच्या हुकमावर आठ कॅप्टन बरोबर तेच करतात ते महिनोन्‌महिन्यांच्या रात्रीच्या सरावाशिवाय होत नसतं.

सक्करदऱ्याहून एक ताई : 2025 मध्ये समुद्राच्या तळाशी जपानी डिस्ट्रॉयर सापडल्याची बातमी वाचली होती, ती यातलीच का?

हो ताई, तीच, तेरुझुकी. जुलै 2025 मध्ये ग्वाडलकनालजवळ आठशे मीटरपेक्षा खोल सापडली. 11 डिसेंबर 1942 च्या ड्रमच्या खेपेला तनाका याच जहाजावर होता. कोरं जहाज हो, ऑगस्टच्या शेवटी कामावर आलेलं. आणि बुडवलं कोणी, तर अमेरिकनांच्या लाकडी पीटी बोटींनी, म्हणजे छोट्या वेगवान बोटींनी, टॉर्पेडो मारून. तनाका पुन्हा जखमी, पुन्हा बेशुद्ध. त्याला दुसऱ्या डिस्ट्रॉयरवर हलवलं, आणि 12 ला पहाटे तेरुझुकी गेली. न्यू ऑर्लिन्सचं ते तुटलेलं नाकही त्याच महिन्यात त्याच भागात सापडलं.

धरमपेठेतून : मग इतक्या चांगल्या माणसाला काढलं कशासाठी? आणि पुढे काय झालं त्याचं?

तोंड चालवलं म्हणून. तो वरच्यांना सरळ सांगत होता की ग्वाडलकनाल सोडा, आपण इथं दरमहा डिस्ट्रॉयर गमावतोय, त्या भरून निघणार नाहीत. 29 डिसेंबर 1942 ला त्याच्याकडून स्क्वॉड्रन काढून घेतलं. आणि राजेहो, 31 डिसेंबरला सम्राटासमोरच्या बैठकीत काय ठरलं? ग्वाडलकनाल सोडायचं! दोन दिवसांत. फेब्रुवारीत साडेदहा हजारांवर माणसं रात्रीच्या खेपांनी काढली, त्याच पद्धतीनं, डिस्ट्रॉयरनी, फक्त तनाका नव्हता. बेटावर वीस हजारांच्या आसपास मेले होते, त्यातले निम्म्याहून जास्त भुकेनं नि आजारानं.

त्याला आधी सिंगापूर, मग 1943 च्या शेवटाकडे रंगूनच्या नौदल तळावर. म्हणजे रात्रीच्या टॉर्पेडो-लढाईत ज्याच्या तोडीचा माणूस त्यांच्याकडे उरला नव्हता तो गोदी नि किनाऱ्याची राखण करत बसला. नेताजींनी आझाद हिंदचं मुख्यालय जानेवारी 1944 ला रंगूनला आणलं, ते हेच शहर, हाच काळ. ऑक्टोबर 1944 ला व्हाइस अ‍ॅडमिरल केलं खरं, पण समुद्रावर पुन्हा पाठवलं नाही. त्याची जुनी जिंत्सू तर जुलै 1943 मध्येच कोलोंबांगाराच्या लढाईत बुडाली, त्याच्या जागेवर पुढे आलेला इझाकी तिच्यावरच गेला. म्हणजे बदली झाली नसती तर तनाका 1943 च्या पुढे जगला असता असं मला वाटत नाही. तो जगला 9 जुलै 1969 पर्यंत, गावाकडे शेती केली. 1956 साली अमेरिकेच्या नेव्हल इन्स्टिट्यूटच्या मासिकात त्यानं ग्वाडलकनालचा हिशेब लिहिला, आपल्याच वरिष्ठांची कुठं कुठं चूक झाली ते न लाजता.

कामठीहून एक माजी सैनिक : कौतुक ठीक आहे, पण हे तेच जपानी नौदल ना ज्यानं कैद्यांचे हाल केले?

तेच, साहेब. आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं. अंबॉनला ज्या ताफ्याला तनाकानं संरक्षण दिलं, त्यातून उतरलेल्या नौदलाच्या सैनिकांनी फेब्रुवारी 1942 मध्ये लाहा इथं तीनशेच्या वर ऑस्ट्रेलियन-डच कैदी मारले. तो हुकूम हाताकेयामा नावाच्या दुसऱ्या अ‍ॅडमिरलचा होता, तनाकाचा नाही. पण ज्या युद्धासाठी तो इतक्या कौशल्यानं जहाजं पळवत होता ते युद्ध हेच होतं, तेव्हा मी त्याला हिरो म्हणत नाही. कामाचा माणूस म्हटलं, त्यावर ठाम आहे.

बर्डीवरून : जपानी नौदलाचं नि नागपूरचं काही कनेक्शन?

नौदलाचं काही नाही. जपानचं हवं असेल तर दीक्षाभूमीचे भदंत सुरई ससाई आहेत, कामठीचं ड्रॅगन पॅलेस आहे, रविवारी जाऊन या. पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना एका चिठ्ठीत एकच पाठवा, वाडीच्या भाऊंनी अकरा पाठवले होते, त्यातला एक डिझेलच्या भावाबद्दल होता.